करंजावरचा थेंब

भाजीच्या गाडीवर बटाटा हातात घेतला की मामा आधी त्याच्या सालीवर अंगठ्याचं नख हलकेच ओढायचे. साल सुटली तर बटाटा परत गाडीवर, नाही सुटली तर पिशवीत. भाजीवाला वैतागायचा.

"मामा, बटाटा आहे, नोट नाही. एवढं काय तपासताय?"

"कच्चा काढलाय रे. साल पक्की नाही झाली. चार दिवसांत सुरकुतेल."

असा एखादा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. त्याच्या मागे भाजी घ्यायला उभं राहिलं की उशीर ठरलेला, पण तो गेल्यावर आपणही हळूच नख ओढून बघतो.

मानपाड्याच्या आमच्या चार मजली इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. तिथली मुलं मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. मुलांना सूक्ष्मदर्शकातून जे दिसायचं, ते यांनी दाढीच्या पात्याने कापलेलं असायचं. शिकवायचे प्राध्यापक, पण देठाची चकती आरपार दिसेल इतकी पातळ कापावी ती मामांनीच.

मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो. गच्ची गळत होती आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून मीटिंग भरली होती. तो लेप, थर, हमी असं बराच वेळ सांगत होता. मामा उठून घरी गेले आणि अळूचं पान आणि पाण्याचा पेला घेऊन आले.

"थांबा, आधी थेंब टाकून बघू."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बोट बुडवून त्यांनी पानावर थेंब सोडला. तो मण्यासारखा घरंगळला. मग पानाची एक बाजू त्यांनी अंगठ्याने चांगली चोळली आणि तिथे थेंब सोडला. तो पसरला.

"वरचं मेण पुसलं, बाकी पान तेच आहे. तुमचा लेप नखाने निघतो का, तेवढं सांगा."

पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मामा, झाला असेल प्रयोग तर ते पान द्या इकडे. वड्यांत खपेल."

मला आकडा दिसल्याशिवाय काही पटत नाही. मामा म्हणाले होते की बटाट्याची साल म्हणजे बुचासारख्या पेशींचे थर, ते पाणी आत धरून ठेवतात. मी घरी स्वयंपाकाच्या काट्यावर दोन बटाटे तोलले, एक सालीसकट, एक सोलून. आठवड्याने सालीचा एकशे आठ ग्रॅमवरून एकशे सातवर आला होता. सोललेला एकशे चारवरून अडुसष्टवर. बायकोने दोन्ही उचलून टाकले. मी कागद घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. त्या दिवसापासून आमची उठण्याबसण्याची ओळख झाली.

फाटकाजवळ एक करंज आहे. निवृत्त झाले त्या वर्षी मामांनी कॉलेजच्या मागच्या आवारातून त्याचं रोप आणून लावलं होतं. मामा दहा दिवस मुलीकडे कल्याणला गेले असताना पाण्याचा टँकर मागे घेताना खोडाला घासला आणि ताटलीएवढी साल निघाली. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं. मला काळजी वाटली. गच्चीचं केमिकल अर्धा डबा उरलं होतं. मी माणूस लावून जखमेवर दोन हात मारून घेतले, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून बुंध्यापासून छातीपर्यंत सगळ्या खोडाला. लोक गेरू-चुना लावतात, आपण त्याहून पक्कं काम केलं, असं मला वाटलं. फोन करून मी त्यांना कळवलंही नाही. परत आल्यावर बघतील आणि खूश होतील.

मामा आले, खोडावरून हात फिरवला आणि घरात गेले. बाहेर आले ते उलथनं घेऊन.

"मामा, काही चुकलं का?"

"तुमच्या मनात चांगलंच होतं." ते खाली बसून खरवडू लागले. रबरासारखे पापुद्रे निघत होते. मोकळ्या झालेल्या सालीवर बोट ठेवून म्हणाले, "इकडे या, सेक्रेटरी. हे बारीक ठिपके दिसतात? इथून झाड श्वास घेतं. बाहेरचं पाणी अडवायचं, आतलं जाऊ द्यायचं नाही, आणि तरी हवेला वाट ठेवायची. तुमच्या डब्यात ते नव्हतं."

"जगेल का?"

"जगेल असं वाटतं." नेहमीसारखं ठाम नव्हतं ते.

तीन दिवस ते खरवडत होते. मीही घरून बोथट चमचा आणून दुसऱ्या बाजूला बसलो. जखमेवरचा लेप मात्र त्यांनी मला काढू दिला नाही. तो स्वतः काढला, कडेची लोंबती साल पात्याने साफ केली आणि जखम उघडीच ठेवली.

"हिला काहीच लावायचं नाही?"

"त्याचं काम ते करतंय. आपण मध्ये पडलो की उशीर होतो."

मी पट्टी लावून रुंदी मोजली. चौदा सेंटिमीटर. पुढे दर दिवाळीला आम्ही दोघं मोजायचो. कडेची साल ओठासारखी जाड होऊन आत सरकत होती. अकरा, आठ, साडेपाच. मी आकडा सांगायचो, ते मान डोलवायचे. माझ्या चुकीबद्दल त्यांनी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. नवीन लोकांना सांगायचे, टँकरने घासलं.

शेवटचं मोजलं तेव्हा दोन सेंटिमीटर राहिले होते. खाली वाकणं जमेना म्हणून ते खुर्चीवर बसून होते. "पुढच्या वर्षी पट्टी लागणार नाही," म्हणाले. फेब्रुवारीत ते गेले.

या दिवाळीला सवयीने पट्टी घेऊन गेलो. दोन्ही कडा मिळाल्या होत्या. मध्ये फक्त एक उभी रेघ, आणि नव्या सालीवर तेच बारीक ठिपके. मोजायला काही नव्हतं. मी घरातून पेला आणला, बोट बुडवलं आणि रेघेवर थेंब सोडला. तो आत मुरला नाही. नव्या सालीवरून घसरत खाली मातीत गेला.