तांदळाच्या डब्यातली आगपेटी

आमच्या घरात त्या दिवसांत आगपेटी जागेवर राहत नव्हती. आई ती लपवायची, बाबा शोधायचे आणि मी दोघांवरही वैतागायचे. बाबांच्या जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होतं आणि बाबा रोज सकाळी त्याच गाडीला उदबत्ती ओवाळत होते. लपवाछपवीचं कारण एवढंच.

गाडी पोर्तुगिजांच्या काळात बोटीतून मुरगावला उतरलेली. बाबा तेव्हा डिचोलीच्या एका खाणमालकाकडे ड्रायव्हर होते. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी मालकांनी नवी गाडी घेतली आणि जुनी बाबांच्या हवाली केली. बाबांनी ती पेडण्याला घरी आणली. पुढे बरीच वर्षं टॅक्सी म्हणून चालवली, आणि वय झाल्यावर बाजारापुरती नि देवळापुरती ठेवली. मी जन्मले ती गाडी घरात आल्यानंतर. त्यामुळे आई गाडीला ‘तुमची थोरली’ म्हणायची आणि मला धाकटी. थोरलीचे लाड जास्त होत, हे मी आजही सांगेन.

बाबांचा सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी बॉनेट उघडून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाच्या बाजूची छोटी दांडी हाताने दाबायची, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चढतं. मग डॅशबोर्डवरच्या देवीच्या तसबिरीला फूल आणि उदबत्ती. मग तीच उदबत्ती इंजिनालाही ओवाळायची. इंजिनाला कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, “आमचां पोट हेचावरच चलता, बाय.” आणि हे सगळं झाल्यावर चावी.

एका सकाळी आई परसातलं जास्वंदीचं फूल घेऊन गाडीपाशी गेली. बाबांच्या हातात पेटती उदबत्ती होती. कार्बोरेटरच्या झाकणाखालून एक थेंब ओघळला आणि इंजिनावर टपकला. त्याच्यामागून दुसरा. आईने बाबांच्या हातातली उदबत्ती हिसकावली आणि तुळशीजवळच्या पाण्याच्या कळशीत बुडवली. देवाकडे पाठ करून कधी न बसणारी माझी आई! मी कामावर जायला निघाले होते, ती दारातच थिजले.

“पिशी झालंस काय गो?” बाबा ओरडले.

“पिशी नाय, शाणी आसंय,” आई म्हणाली. “गाडी जळली तर जळां दी. फुडे तुमी उबे आसात.”

त्या दिवसापासून आगपेटी तांदळाच्या डब्यात गेली. आणि बाबाही काही कमी हट्टी नव्हते. देवीला धूप दाखवल्याशिवाय चावी फिरवायची नाही म्हणजे नाही. ते सकाळी आंघोळ करून गाडीत जाऊन बसत, स्टिअरिंगवर हात ठेवून, आणि थोड्या वेळाने उतरून घरात येत. बोलणं कमी झालं, जेवणही कमी झालं. मी म्हटलं, बाबा, काही दिवस उदबत्तीशिवाय चालवा ना, देवी काय रुसणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच सोडला.

आईची तऱ्हा वेगळी. आपला नवरा कुठून तरी काडी पैदा करील आणि बॉनेट उघडून पेटवील, ही धास्ती तिने घेतली होती. ती देवळात जाईना, शेजारी बसायला जाईना. सोप्यात बसून गाडीवर नजर ठेवायची. चूल पेटवायच्या आधी बाबा कुठे आहेत ते बघायची, मगच डब्यात हात घालून आगपेटी काढायची. गाडी आमच्या सोप्याला अगदी लागून उभी असे. तिची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं. जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात काम करताना बाहेर कुणी मोठ्याने हाक मारली तरी मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायचे.

गॅरेजवाल्यांना विचारून झालं होतं. असल्या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं. एकाने वरून सल्ला दिला की गळतं तिथे साबण चोळा, पेट्रोलात साबण विरघळत नाही. सल्ला खरा होता, पण एका जागी साबण चोळला की पेट्रोल पलीकडून वाट काढायचं. बाबा नेटाने चोळत राहिले. कपडे धुवायचा साबण आणला की दुसऱ्या दिवशी गायब. आगपेटी आई पळवणार, साबण बाबा पळवणार. मला ना चहा वेळेवर मिळत होता, ना धुतलेले कपडे.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. “आज हे काय ते उघडून बघूया,” मी म्हटलं आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. कारखान्यात दिवसभर बारीकसारीक पार्ट तपासायचं काम मी करायचे, त्यामुळे लहान स्क्रू बघून मी घाबरत नव्हते. बाबा आधी नको नको म्हणाले, मग स्वतःच पुढे होऊन झाकणाचे स्क्रू सैल करू लागले.

झाकणाखालच्या कप्प्यात एक पितळी डबी तरंगते. तिला फ्लोट म्हणतात. कप्प्यात पेट्रोल पुरेसं चढलं की डबी वर उचलली जाते आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. आमची डबी तरंगत नव्हती, तळाशी बसली होती. म्हणजे वाट कायम उघडी, आणि पेट्रोल झाकणातून बाहेर. मी डबी उचलली आणि बाजारात नारळ घेताना हलवतात तशी कानापाशी नेऊन हलवली. आत खळखळ वाजलं.

बाबांनी माझ्या हातातून ती घेतली आणि स्वतः हलवून बघितली. “नारळ भरलेलो बरो,” ते म्हणाले, “पण ह्यो रिकामो आसाक व्हयो.” कित्येक दिवसांनी ते हसले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

डबीला कुठेतरी बारीक भोक होतं, डोळ्यांना न दिसणारं. ते शोधायला कढत पाणी हवं होतं. आईने न्हाणीतली चूल आधी विझवली, राखेवर पाणी ओतलं आणि मगच पाण्याचं भांडं बाहेर आणलं, तेही गाडीपासून लांब, माडाखाली. डबी पाण्यात धरली तर सांध्याजवळून बुडबुडे निघाले. आतलं सगळं पेट्रोल वाफ होऊन जाईपर्यंत आम्ही ती तशीच धरून ठेवली. पुन्हा कानाशी हलवली तेव्हा आत काही वाजलं नाही.

आता भोक बुजवायचं. बाबा म्हणाले, डिचोलीला जातो. तिथे समया करणारे एक गृहस्थ होते. आमच्या घरची सगळी पितळी भांडी त्यांच्याच हातची, आणि एकदा त्यांनी जोड दिला की आजोबांची समई नातवाच्या लग्नात लागायची. बाबा दुसऱ्या दिवशी बस पकडून गेले आणि संध्याकाळी खुशीत परत आले. डबी बसवली, झाकण लावलं, पंपाची दांडी दाबली. आई लांब उभी राहून बघत होती.

थेंब आला. मग दुसरा.

मी झाकण पुन्हा काढलं आणि डबी हातात घेतली तेव्हा माझा पारा चढला. सांध्यावर कथलाचा हा एवढा गोळा! रिकामी डबीसुद्धा जड लागत होती. “बाबा, त्यांना सांगितलंत तरी काय?”

“घट्ट करा म्हटलां,” बाबा म्हणाले. “परत गळाक नाका.”

“ही समई आहे का, घट्ट करायला? हिला तरंगायचंय!”

मी जरा जास्तच आवाज चढवला. बाबा गाडीत जाऊन बसले, पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवून. माझा राग क्षणात उतरला. गळणारी वस्तू भक्कम करून आणायची, हेच तर आमच्या घरात आजवर सगळ्यांनी केलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही घट्टच करा म्हटलं असतं.

आईने डबी माझ्या हातून घेतली आणि उलटीपालटी केली. पितळेवर एक काळसर रेघ होती, वर्षानुवर्षं पेट्रोल जिथवर यायचं तिथे पडलेली. “ह्या रेघेपर्यंत बुडाक व्हयी मगे?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती आत गेली आणि लोणच्याची काचेची रिकामी बरणी घेऊन आली. पेट्रोल ओतल्यावर ती बरणी पुन्हा लोणच्याला चालणार नव्हती, आणि ती तिची आवडती होती. मग तिने गाडीपाशी जाऊन बाबांना हाक मारली, “आयकलात? कानस घेवन येवा.”

बाबा आले. ते घासत आणि मी डबी बरणीतल्या पेट्रोलात सोडून बघत असे. जास्त घासलं तर भोक पुन्हा उघडेल, म्हणून हलक्या हाताने. डबी आधी एका अंगावर कलायची, रेघ बुडून जायची. कथिल उतरत गेलं तशी रेघ हळूहळू वर येऊ लागली आणि शेवटी डबी सरळ, रेघेपर्यंत बुडून तरंगत राहिली. तिघांच्याही माना त्या बरणीवर वाकल्या होत्या.

डबी बसवली. बाबांनी पंपाची दांडी दाबली, पुन्हा दाबली. थोड्या वेळाने दांडी ढिली पडली, म्हणजे पेट्रोलची वाट बंद झाली होती. झाकण कोरडं राहिलं. मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही पाय न वाजवता घरात आलो. पाय वाजला तर गळेल असंच जणू वाटत होतं.

सकाळी उठून पाहिलं तर कागदावर डाग नव्हता. बाबा आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले. बॉनेट उघडलं, दांडी दाबली. खिशातून उदबत्ती काढली आणि सवयीने दुसरा खिसा चाचपला. त्यात आगपेटी नव्हती. कशी असणार?

आई घरातून बाहेर आली. तिच्या मुठीत आगपेटी होती, कडेला तांदळाचं पीठ लागलेली. तिने ती बाबांना दिली नाही. आधी ओणवी होऊन कार्बोरेटरखाली हात घातला, सगळीकडून बोटं फिरवली आणि बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. पदराला हात पुसले, पुन्हा एकदा बोटं फिरवली. मग सरळ उभी राहिली आणि काडी ओढली.

“धरा,” ती म्हणाली.

बाबांनी उदबत्ती पुढे केली. ज्योत वाऱ्याने हलत होती, म्हणून दोघांनी तिच्याभोवती हात धरले. उदबत्ती पेटली. बाबांनी देवीला ओवाळली, इंजिनाला ओवाळली, आणि आई तिथून हलली नाही. चावी फिरवल्यावर थोरली खोकली, एकदा बंद पडली आणि दुसऱ्या खेपेला सुरू झाली. मी सोप्याच्या पायरीवर बसून रडत होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

आईने आगपेटी डॅशबोर्डवर देवीपाशी ठेवली. मग पलीकडच्या बाजूने जाऊन दार उघडलं आणि बाबांच्या शेजारी बसली. “देवळाकडे जांवया,” ती म्हणाली. “कितके दिस जाले, गेलंय नाय.”