नवा माठ आणि बारा चौकोन

होळी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फ्रिजच्या दारावर उन्हाळ्याची यादी लागते. कूलर माळ्यावरून काढणे. गवताच्या जाळ्या बदलणे. पंप तपासणे. गच्चीला चुना. पश्चिमेच्या खिडकीला गोणपाट. वाळा, सब्जा, कैऱ्या. नवा माठ. काम झालं की मी त्यावर रेघ मारते. ती रेघ मारताना मला जितकं गार वाटतं तितकं कूलरसमोर बसूनही वाटत नाही, असं माझा नवरा म्हणतो. तो चेष्टेनं म्हणतो, पण ते खरं आहे.

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराला वर उघडा स्लॅब आहे आणि स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी चारला नळ सोडला तर टाकीतलं पाणी थेट चहाला घेता येईल असं येतं. त्यात नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा हातातलं सगळं सोडून भरायचं. अशा घरात उन्हाळा नुसता सोसून निघत नाही, तो आखून काढावा लागतो.

काही वर्षांपूर्वी त्या यादीत ऐन चैत्रात एक ओळ वाढवावी लागली. मी लिहिलं, ‘दादा’.

दादा म्हणजे माझे सासरे. पाचोडच्या पुढं एका खेड्यात त्यांची शेती आणि मोसंबीची बाग. सासूबाई आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. तेव्हापासून दादा तिथं एकटेच राहत होते आणि शहरात या म्हटलं की बागेला पाणी द्यायचंय, एवढंच सांगत होते. त्याच बागेत एका दुपारी त्यांना ऊन लागलं. माझी नणंद पाचोडलाच राहते, तिनं धावपळ करून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, दादा शुद्धीवर आले. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन बजावलं की पाऊस पडेपर्यंत यांना सावलीत ठेवा आणि सतत पाणी पाजा. या वयात दुसऱ्यांदा ऊन लागलं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

दादा आमच्याकडे आले. सोबत एक पिशवी, काठी आणि पितळी तांब्या. बाकी घर जाग्यावर आहे, असं ते म्हणाले.

मी तयार होते. पूर्वेची खोली त्यांना दिली, कूलर तिथल्या एका खिडकीत बसवला. माठ तर होळीनंतर लगेच आणलेला होता. पहिल्या खेपेचे माठ चांगले भाजलेले असतात असा माझा अनुभव आहे. एक दिवस भिजत ठेवला, दोनदा भरून ओतून दिला, खाली ओली वाळू, भोवती ओलं सुती फडकं, आत वाळ्याची जुडी. गेल्या वर्षीच्या माठाच्या बुडाला भोक पाडून तो दादांच्या दुसऱ्या खिडकीखाली कढीपत्त्याच्या मुळाशी पुरला होता, तोंड तेवढं वर. त्यात पाणी ओतलं की ते हळूहळू मुळांना झिरपत राहतं. माझ्या यादीत जुन्या वस्तूला बसून खाण्याची परवानगी नाही.

शिवाय एक तक्ता केला. वर मथळा ‘दादांचे पाणी’, खाली तारखा, प्रत्येक तारखेपुढे बारा चौकोन. एक ग्लास, एक खूण. पेन्सिल सुतळीनं बांधून तक्ता त्यांच्या खोलीच्या दारावर लावला. दादांनी तो चष्मा लावून वाचला आणि एवढंच विचारलं, “शाळा किती वाजता सुटती?”

पहिला खटका कूलरवरून उडाला. दादांनी दोन दिवस त्याचं निरीक्षण केलं. सकाळी ओतलेलं पाणी दुपारी कुठं जातं, हे मला विचारलं. हवेत जातं, मी सांगितलं.

“म्हंजे तुम्ही वाऱ्याला पाणी पाजता,” ते म्हणाले. त्यानंतर माझी पाठ वळली की कूलर बंद व्हायचा.

मी तो पुन्हा लावायचे, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारंखिडक्या घट्ट लावून घ्यायचे. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायची असते, नाहीतर सगळी ओल घरातच साठते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर डब्यातल्या मिठाचं पाणी झालं होतं, कुरडया मऊ पडल्या होत्या आणि दादांच्या खोलीचं दार फुगून चौकटीत असं बसलं की उघडेना. दादा आत. नवरा बाहेरून खांदा मारतोय, मी त्याला कुठं मारायचा ते सांगतेय. आतून दादांचा आवाज आला की राहू द्या, मी जरा पडतो. ते संध्याकाळी सुतार येईपर्यंत झोपले. आल्यापासूनची त्यांची ती पहिली चांगली झोप होती. मला मात्र दुपारचे चार चौकोन रिकामे राहिल्याची रुखरुख लागली.

ते चौकोन नंतर भरले गेले. दादांचा तक्ता कधी अपुरा राहिला नाही. रोज बारा खुणा, ग्रामपंचायतीच्या ठरावावर सही करावी तशा जपून केलेल्या. मी शेजारच्या बायकांना बोलावून तक्ता दाखवला.

दोन आठवडे झाले आणि दादा मला सुकल्यासारखे वाटू लागले. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, उठून उभं राहताना भिंतीला हात. जेवायला बसले की ताक पीत, सकाळी चहा घेत, तेवढीच काय ती ओल. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. मी तक्ता बरोबर घेतला होता. डॉक्टरांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. मग दादांच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

“कागद उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “माणूस कोरडा आहे.”

त्यांनी साखरमिठाच्या पाण्याच्या पुड्या दिल्या आणि तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर भरती करू, असं सांगितलं. पुड्या मी माठाच्याच पाण्यात कालवून दिल्या. तक्त्यावर त्यांचीही खूण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीला चुन्याचा दुसरा हात मारत होते. पहिल्या हातालाच समोरच्या बाईंनी तक्रार केली होती की तुमची गच्ची आमच्या देवघरात चमकते. कठड्याशी वाकले तर खाली खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. हातात स्टीलचा ग्लास. ग्लास कढीपत्त्याशी पुरलेल्या माठाच्या तोंडावर नेमका धरला गेला, तिरका झाला, रिकामा झाला आणि आत गेला. पाठोपाठ दारावर पेन्सिल घासल्याचा आवाज मला ऐकू आला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मला तो आला.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली सगळी झाडं माना टाकून होती. आमच्या कढीपत्त्याला मात्र नवे कोंब फुटले होते. शेजारणी फोडणीसाठी रोज नेत होत्या आणि मी त्याचं श्रेय पुरलेल्या माठाला देत होते.

मी खाली आले आणि दादांना काही बोलले नाही. कारणांची यादी केली. एक, वाळ्याचा वास आवडत नसेल. दोन, नव्या मातीचा वास येत असेल. तीन, नळाचं पाणी गोड लागत नसेल. चार, रुसवा. वाळा काढला. संध्याकाळी खिडकीतून हात बाहेर. पाणी उकळून गाळून माठात भरलं. हात बाहेर. विकतच्या पाण्याचा जार आणून माठात ओतला. कढीपत्ता जारचं पाणी प्यायला लागला. फ्रिजची बाटली पुढं केली तर गळा धरतो म्हणाले. एकदा मात्र त्यांना मोरीतल्या बादलीतून पितळी तांब्या भरून घेताना पाहिलं. ते पाणी हाताला चटका बसेल असं होतं. दादांनी दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि तांब्या ठेवून दिला.

म्हणजे तहान होती. गरम पाणीही चालत होतं. माझ्या माठाचंच चालत नव्हतं. चौथ्या कारणाखाली मी दोन रेघा ओढल्या आणि त्याच रात्री नणंदेला फोन लावला. जरा तावातच लावला. तुमचे वडील डॉक्टरांना, मला आणि तक्त्याला फसवतायत, असं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वहिनी, माठ नवा हाय का?”

नवाच आहे, होळीलाच आणलाय, पहिल्या खेपेचा, असं मी अभिमानानं सांगितलं.

“आन् आखितीच्या आधीच सुरू केला?”

मी फ्रिजवरच्या यादीतली ‘नवा माठ’वरची रेघ पाहिली.

“आईची पहिली आखिती हाय यंदा,” ती म्हणाली. “तिच्या नावानं घागर भरल्याबिगर दादा नव्या माठाचा घोट घ्यायचे नाहीत. आन् तुम्हाला बोलायचे बी नाहीत. सूनबाईनं एवढ्या हौसेनं केलंय म्हणतील.”

अक्षय्य तृतीयेला गावाकडं आखिती म्हणतात. त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्यानं भरून घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पुजायची, आधी त्यांची तहान भागवायची आणि मग आपण नव्या माठाचं पाणी प्यायचं. माझ्या माहेरी हे आंब्यापुरतं पाळत. आखितीच्या आधी रस नाही, एवढंच मला माहीत होतं. गावी घागर सासूबाई भरत. माझ्या स्वयंपाकघरात नवा माठ कधी सुरू होतो, हे बघायला कुणी आलं नव्हतं. दादा उन्हाळ्यात आमच्याकडे कधी राहिलेच नव्हते.

आखितीला अजून दहा-बारा दिवस होते. जुन्या माठाचं पाणी चाललं असतं. आमचा जुना माठ बुडाला भोक पाडून कढीपत्त्यापाशी पुरलेला. दादा रोज बारा ग्लास ज्यात ओतत होते, तो तोच. एकूण काय, पाणी जुन्याच माठात जात होतं, दादांना तेवढं मिळत नव्हतं.

मी त्याच क्षणी नवऱ्याला उठवलं. पहिली एसटी, गाव, ओसरीवरचा सासूबाईंचा माठ, परत. त्याला मी चिठ्ठीवर लिहूनच दिलं. माठ त्यानं येताना मांडीवर धरून आणला. थांब्यापासून घरापर्यंत रिक्षा मिळाली नाही, म्हणून खांद्यावर घेतला. उन्हात, टोपी घातलेला, घाम पुसत, खांद्यावर मडकं घेतलेला माणूस भर गल्लीतून चालत आला. चौघांनी दुकानं सोडून, चपला काढून विचारलं की कोण गेलं. आमच्या फाटकापर्यंत पाच-सहा जण गंभीर चेहऱ्यानं मागे होते. मी त्यांना पन्हं दिलं आणि सगळे ठीक आहेत म्हणून सांगितलं. दादा ओट्यावरच बसलेले होते, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

जुन्या माठाची छिद्रं बुजलेली असतात, तो नव्यासारखं गार करत नाही. मी तो काथ्यानं आणि वाळूनं बाहेरून घासला, ओलं फडकं गुंडाळलं आणि दादांच्या खोलीत थेट कूलरच्या वाऱ्यात ठेवला. खिडकी उघडी ठेवली. नवा माठ रिकामा करून पालथा घातला.

“हा आखितीनंतर काढू,” मी दादांना म्हणाले.

दादा त्या माठापाशी येऊन बसले. त्याच्या काठाला एक टवका उडालेला होता, त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. मग ग्लास घेतला. एक प्यायले, दुसरा प्यायले, तिसरा अर्धा. खूण एकही केली नाही. मी स्वयंपाकघरातून मोजत होते. त्यानंतर कूलर बंद झाला नाही. तो आता वाऱ्याला पाणी पाजत नव्हता, सासूबाईंच्या माठाला वारा घालत होता.

चार दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली. त्यांनी तक्ता मागितला नाही, मीही दाखवला नाही.

आखितीला सकाळी दादांनी आंघोळ करून घागर स्वतः भरली. वर आंबा ठेवला, हात जोडले, ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी नवा माठ भिजवून, भरून जागेवर ठेवला होता. नैवेद्य झाल्यावर त्यांनी त्याची तोटी सोडली, ग्लास भरला आणि उभ्यानेच संपवला.

“गार हाय,” म्हणाले. “माठ बरा मिळाला तुला.”

मग तक्त्यापाशी गेले, पेन्सिल हातात घेतली आणि थांबले.

“सूनबाई, खोडरबर हाय का? ह्या मागच्या खुणा पुसून टाक. ते पाणी कढीपत्त्यानं पिलंय.”

मला माहीत होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. खोडरबरही दिलं नाही. केलेली नोंद पुसायची मला सवय नाही. मी त्या दिवसांच्या वरचा मथळा तेवढा बदलला. ‘दादांचे’ खोडून ‘कढीपत्त्याचे’ लिहिलं, आणि आखितीच्या तारखेपासून पुन्हा ‘दादांचे’. दादांनी चष्मा लावून ते वाचलं, मान हलवली आणि पहिल्या चौकोनात खूण केली.