उसना दिलेला बारावा

कवळीमास्तरांना फुटबॉल खेळता येत नव्हता असं मुळीच नाही. त्यांना कोणी खेळू दिला नव्हता, एवढंच. अकरा वर्षं ते 'वादळ' या संघात होते आणि अकरा वर्षांत मैदानावर त्यांनी एकूण त्रेचाळीस मिनिटं काढली होती. त्यातली सहा तर कॅप्टनच्या डोळ्यात चिलट गेलं म्हणून मिळालेली. बाकी सगळा काळ कडेच्या बाकड्यावर, पाण्याच्या बाटल्या आणि इतरांचे चष्मे, किल्ल्या, घड्याळं सांभाळत. बाकड्याच्या त्या टोकाला मास्तरांच्या बैठकीचा खड्डा पडलाय, असं कॅप्टन दर रविवारी म्हणायचा आणि दर रविवारी स्वतःच आधी हसायचा.

मास्तरांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचा ठसा यायचा; दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मास्तर त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासायचे, पॉलिश करायचे. पंचवीस वर्षांत अर्ध्या बाजाराचं हसू त्यांच्या हातून गेलं होतं. माणूस समोर आला की ते आधी त्याचे दात बघायचे, मग त्याला ओळख द्यायचे. कोण उजवीकडून चावतो, कोण झोपेत दात खातो, कोण नुसते ओठ ताणून हसतो, सगळं ठाऊक. कॅप्टनचे वरचे पुढचे चार दातसुद्धा त्यांनीच केलेले. सहा वर्षांपूर्वी कॅप्टनची आणि गोलच्या खांबाची समोरासमोर गाठ पडली होती, त्याची ती आठवण. मास्तरांनी हे कधी कोणाला सांगितलं नाही. त्याच चार दातांतून "मास्तर, बाटल्या भरल्या का?" हा प्रश्न मात्र ते दर आठवड्याला ऐकून घेत होते.

संघाचं नाव वादळ कोणी ठेवलं देव जाणे. मुख्य रस्त्यावरचे दुकानदार आणि दोन-चार कारकून मिळून झालेलं हे वादळ विसाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. कॅप्टन औषधांच्या दुकानाचा मालक. जर्सी त्याने शिवून आणल्या, म्हणून तो कॅप्टन; याहून मोठी लायकी कोणी विचारली नव्हती. जर्सी धुण्याचं काम मास्तरांकडे, कारण तुम्हाला तसं काही काम नसतं ना! मास्तरांकडे म्हणजे अर्थात मास्तरांच्या बायकोकडे. दर रविवारी दुपारी ती पिशवी उलटी करायची, तेरा चिखलाच्या जर्सी मशीनमध्ये कोंबायची आणि चौदावी दोन बोटांनी उचलून म्हणायची, ही कशाला धुवायची, नुसती घडी घालते. अकरा वर्षं हाच विनोद. मास्तर पेपरात डोकं खुपसून बसायचे, पण दर वेळी त्यांना ते लागायचं.

यंदा मास्तरांनी ठरवलं, पुरे. वय अठ्ठेचाळीस, डावा गुडघा जिना चढताना कुरकुरायला लागलेला. मोसमातली शेवटची मॅच झाली की बूट माळ्यावर टाकायचे. फक्त एक इच्छा राहिली होती, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत एक अख्खी मॅच खेळायची. गोल नको, कप नको, नव्वद मिनिटं हवीत. गुरुवारी दुकानात जाऊन त्यांनी कॅप्टनला हे सांगितलंसुद्धा. सांगताना कान तापले, पण सांगितलं. कॅप्टन खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या खाली उतरवत होता, कारण वरचा कप्पा त्याने लीगच्या कपासाठी रिकामा करायला घेतला होता. कप अजून यायचा होता, कप्पा मात्र पुसून तयार. तो म्हणाला, बघू. या 'बघू'ची मास्तरांना अकरा वर्षांची ओळख होती.

शेवटची मॅच होती बेकरीवाल्यांशी. लीगमध्ये तळाला कोण, हे कोणाला शोधावं लागत नसे. बेकरीवाले रात्रभर भट्टीपुढे उभे राहून सकाळी थेट मैदानावर यायचे आणि आठ-आठ गोल खाऊन झोपायला जायचे. पूर्ण मोसमात एक गुण नाही. वादळाला त्यांच्यावर पाच गोलांनी जिंकायचं होतं, म्हणजे पोस्टमन लोकांना मागे टाकून कप आपला. नुसतं जिंकलं तरी दुसरा नंबर आणि पुढच्या वर्षी वरच्या गटात प्रवेश. बरोबरी झाली तर काहीच नाही. पण बेकरीवाल्यांशी बरोबरी कोण करतो?

रविवारी सकाळी बेकरीवाले आले ते सहाजण. पीठ मळायचं मशीन पहाटे बंद पडलं होतं आणि बाकीचे हाताने मळत बसले होते. नियमाप्रमाणे निदान सातजण हवेत, नाहीतर मॅच न खेळताच समोरच्याला तीन गोलांनी जिंकल्याची नोंद मिळते. रेफरी, म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस, वही काढून तसं लिहायलाच बसला. शहाण्या माणसाने त्याला पेन उसनं दिलं असतं. दुसरा नंबर, वरचा गट, आणि पायाला चिखल नाही! पण कॅप्टनला दिसत होता तो पुसलेला कप्पा. तीन गोल त्याला पुरणार नव्हते, पाच हवे होते. दोन्ही कॅप्टन राजी असतील तर एखादा खेळाडू उसना देता येतो, हे कलम त्यालाच तेवढं पाठ होतं. त्याने आपल्या माणसांवरून नजर फिरवली आणि ज्याच्या जाण्याने संघाचं काडीचं नुकसान होणार नाही, अशा माणसावर ती थांबली.

"मास्तर," तो प्रेमाने म्हणाला, "तुम्हाला अख्खी मॅच खेळायची होती ना? मग तिकडून खेळा."

पोरं दात काढून हसली. मास्तरांना क्षणभर वाटलं, बाटल्या इथेच ओताव्यात आणि सरळ घरी जावं. पण मग लक्षात आलं, नव्वद मिनिटं ही नव्वद मिनिटंच. बेकरीच्या भट्टीवाल्याने, जो त्यांचा कॅप्टन आणि गोलकीपर दोन्ही होता, पिवळी पडलेली एक जर्सी त्यांच्या हातात दिली. पाठीवर बेकरीची जाहिरात होती, 'रोज ताजे'. अठ्ठेचाळीस वर्षांच्या पाठीवर ते शोभून दिसलं.

आता गंमत अशी की अकरा वर्षं बाकड्यावर बसून माणूस दुसरं काय करणार? बघणार. मास्तरांनी वादळाला जितकं बघितलं होतं तितकं वादळाने स्वतःला कधी बघितलं नव्हतं. कॅप्टन चेंडू मिळाला की डावीकडेच वळणार, जगबुडी आली तरी डावीकडेच. कापडवाला मारण्याआधी स्वतःच्या बुटाकडे बघणार. चपलांच्या दुकानवाला चेंडू कोणालाच देणार नाही, कारण त्याची मेव्हणी बघायला आलेली असणार. शिट्टी व्हायच्या आत मास्तरांनी हे सगळं भट्टीवाल्याच्या कानात घातलं. त्याने जांभई आवरत ऐकलं आणि आपल्या झोपाळू माणसांना गोलपुढे नेमकं कुठे उभं करायचं ते ठरवलं.

मग अकरांनी सातांवर जी चढाई केली, ती बघण्यासारखी होती. पाच गोल प्रत्येकालाच एकट्याने मारायचे होते. एकाच्या पायातला चेंडू काढून घ्यायला वादळाचेच दोघे धावत होते. कॅप्टन डावीकडे वळला की तिथे मास्तर उभे. पुन्हा वळला, पुन्हा मास्तर. कापडवाल्याने बुटाकडे बघितलं की भट्टीवाला तयार. रोज गरम पत्रे झेलणाऱ्या त्या हातांना एका फुटबॉलचं काय कौतुक! दोनदा चेंडू खांबाला लागला, एकदा चपलांच्या दुकानवाल्याने मोकळा गोल सोडून थेट मेव्हणीच्या दिशेने मारला. विसाव्या मिनिटाला वादळ ठरल्याप्रमाणे कमरेवर हात ठेवून उभं राहिलं. हाफटाइमला दोन्हीकडे शून्य.

हाफटाइममध्ये लिंबाच्या फोडी वाटायला कोणी नव्हतं, कारण त्या वाटणारा माणूस पलीकडे बसून स्वतः लिंबू चोखत होता. बेकरीवाल्यांनी त्याला मधोमध जागा करून दिली होती आणि पुढे काय करायचं ते विचारत होते. मास्तरांना आयुष्यात मैदानावर कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी फोड सालासकट खाल्ली.

दुसऱ्या अर्ध्यात गुडघ्याने कुरकुर सोडून सरळ बोंब मारायला सुरुवात केली. मास्तर लंगडत होते, पण जागच्या जागी होते. सत्तर मिनिटं गेली, पंचाहत्तर गेली. वादळाचे लोक आता एकमेकांचे बापजादे काढत होते. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला, तेव्हा कॅप्टन मास्तरांजवळ आला, वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि खालच्या आवाजात बोलला. पाच गोल गेले खड्ड्यात, एवढं त्याच्याही डोक्यात शिरलं होतं. पण मास्तर दुखापत झाली म्हणून बाहेर गेले तर बेकरीवाले उरतात सहा. सहा म्हणजे मॅच बंद. म्हणजे सकाळी झिडकारलेले ते तीन गोल परत आपले, दुसरा नंबर आपला, वरचा गट आपला.

"गुडघा धरा आणि खाली बसा," कॅप्टन म्हणाला. "पुढच्या मोसमात पहिल्या मॅचपासून तुम्ही पहिल्या अकरात. शब्द देतो."

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. चारही दात झकास बसले होते, हिरडीपाशी कुठे फट नाही. वरचा गट, अख्खा मोसम, पहिले अकरा. अकरा वर्षांत ज्यासाठी जीव टाकला ते आज हा माणूस नाडी बांधता बांधता देत होता, आणि करायचं काय, तर आयुष्यभर केलं तेच, बसायचं. त्यांना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. गुडघा तर खरंच फुटायला आला होता, नाटकसुद्धा करावं लागणार नव्हतं. तेवढ्यात चेंडू आत आला.

शहाऐंशीव्या मिनिटाला कॅप्टन डावीकडे वळला आणि या खेपेला चेंडू सोडून मास्तरांच्या डाव्या गुडघ्यावरच आला. चुकून, अर्थात. मास्तर आडवे. गुडघ्यावरची कातडी सोलली, रक्त आलं, डोळ्यांपुढे अंधारी. भट्टीवाला गोल सोडून धावत आला, बाकीचे पाच भोवती उभे राहिले. कोणी काही मागितलं नाही, नुसते पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून बघत होते. त्यांचा पहिला गुण चिखलात पाय धरून पडला होता. रेफरीने वही काढली आणि खेळणार का म्हणून विचारलं.

"कसले खेळतात?" कॅप्टन काळजीने म्हणाला. "बसा मास्तर, बसा तुम्ही."

मास्तर भट्टीवाल्याच्या खांद्याला धरून उठले. एका पायावर उभे राहिले, दुसरा टेकवून बघितला, तोंड वाकडं केलं आणि तो पुन्हा टेकवला.

"माझं बसून झालंय, कॅप्टन," ते म्हणाले, आणि रेफरीकडे वळून म्हणाले, "लिहा, खेळणार."

उरलेली मिनिटं ते गोलच्या खांबाला जवळजवळ टेकूनच उभे होते. वेळ संपताना रेफरीने वरची तीन मिनिटं दिली, त्यातल्या शेवटच्या मिनिटाला कापडवाल्याने पहिल्यांदाच बुटाकडे न बघता मारलं. चेंडू सगळ्यांना चुकवून आला आणि मास्तरांच्या पोटात बसला. हलता येत नव्हतं म्हणून ते तिथे होते. शिट्टी वाजली. शून्य शून्य. बेकरीवाल्यांनी एका गुणासाठी एवढी आरडाओरड केली की कपही त्यांनाच मिळाला असावा असं वाटलं. कप अर्थात पोस्टमन लोकांकडे गेला, आणि वादळ सगळं गमावून तिसरं आलं.

कॅप्टनने इतके दातओठ खाल्ले होते की वरच्या चारांपैकी एक दात अर्ध्यात तुटला. तोंडावर रुमाल धरून तो मास्तरांपाशी आला, नेहमीची जर्सींची पिशवी त्यांच्या पायाशी टाकली आणि इकडेतिकडे बघत, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, उद्या खोली उघडी आहे का विचारलं.

"बघू," मास्तर म्हणाले. पिशवी तिथेच राहिली.

घरी बायकोने दार उघडलं आणि सवयीने आधी हाताकडे बघितलं. पिशवी नव्हती. नवरा भिंत धरून एका पायावर उभा होता, अंगात कोणाची तरी पिवळी जर्सी, गळ्यापासून खाली सगळा चिखल, पायावर वाळलेलं रक्त. बाकीच्या तेरा कुठेत, तिने विचारलं. ज्यांच्या त्यांच्या घरी जातील, मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या डोक्यावरून जर्सी ओढून काढली, उलटसुलट करून बघितली, पाठीवरचं 'रोज ताजे' वाचलं. अंगठ्याने चिखल जरा घासून बघितला.

"किती मिनिटं?"

"नव्वद. वर तीन."

मशीनचं झाकण उघडं होतं ते तिने लावून टाकलं, मोरीतून बादली आणली, पाणी सोडलं आणि साबणाची वडी हातात घेतली.

"ही हातानेच धुते," ती म्हणाली. "मशीनमध्ये फाटेल."

मास्तरांनी मोरीच्या दाराशी स्टूल ओढलं आणि ते बसले.