खंडेनवमीला पाडलेला मेन स्विच

तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका शेडमध्ये मला पहिली नोकरी लागली ती सहा महिन्यांच्या बोलीवर. पिशव्या कापणाऱ्या यंत्राला स्टेपर मोटर जोडायची, तिनं दर वेळी प्लॅस्टिक नेमकं तेवढंच पुढे सरकवायचं. हे जमलं तर कायम करू, असं मालक म्हणाले होते. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधरावर त्यांनी एवढा विश्वास टाकला, याबद्दल मी अजूनही कृतज्ञ आहे.

या मोटरच्या चार कॉइलना पाळीपाळीनं वीज द्यावी लागते. क्रम चुकला तर ती फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. तो क्रम मायक्रोप्रोसेसरच्या किटवर बटणं दाबून एकेक आकड्यानं भरायचा, आणि वीज गेली की किट सगळं विसरायचं. म्हणून मी आकडे लिहून ठेवायला वही ठेवली होती. पण शेवटच्या तीन आठवड्यांत मोटर अडखळू लागली, तेव्हा वायरींना हात न लावता मी किटवरच आकडे बदलत गेलो. एका संध्याकाळी ती सुरळीत फिरली. किट चालूच ठेवलं. आकडे सकाळी उतरवून घेऊ म्हटलं.

सकाळी खंडेनवमी. मालक यंत्र दाखवायला गिऱ्हाइकाला घेऊन यायचे होते. लेथवरचे मामा, खाडीकाठच्या गावातले, जमीन गेल्यावर कारखान्यात आलेले, यंत्रं पुसून बसले होते. आमच्याकडे मेन स्विच पाडल्याशिवाय यंत्रांना हळदकुंकू लावत नसत, आणि तो मान सर्वांत जुन्या कामगाराचा, म्हणजे मामांचा.

मामा म्हणाले, "सायब, यंदा तुमी पाडा. आमच्यात शिकलेला मानूस तुमीच हाय."

आमच्या घरात असा मान कुणाला मिळाला नव्हता. मी पुढे झालो आणि मेन पाडला. खटका हातात बसला त्याच क्षणी कळलं, पण तोवर किटवरचे लाल आकडे विझले होते.

पूजा झाल्यावर वहीतले जुने आकडे भरले. नवे आठवून पाहिले. दोनदा बटण चुकलं. मालक आले तेव्हा हार घातलेली मोटर नुसती थरथरत होती.

गिऱ्हाईक हसून म्हणालं, "हिला थंडी वाजतेय का?"

मालक माझ्या हातावर पेढा ठेवून गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर गेले. त्यांनी रागावायला हवं होतं.

दसऱ्यानंतर मी दोन वायरींची अदलाबदल केली आणि वहीतल्याच आकड्यांवर मोटर फिरली. त्या तीन आठवड्यांत तेवढंच करायचं होतं. पण गिऱ्हाइकानं यंत्राची ऑर्डर दुसरीकडे दिली होती, आणि महिनाअखेरीनंतर मला यायची गरज नव्हती.

मामा जवळ येऊन म्हणाले, "मीच बोललो पाडा म्हनून."

किट वीज गेल्यावर विसरतं, हे शेडमध्ये सगळ्यांना मीच कौतुकानं समजावून सांगितलं होतं. मामांनाही. त्यांच्या ते ध्यानात राहिलं नाही, यात नवल नव्हतं. मी मात्र दोष त्यांच्याकडेच राहू दिला. घरी पत्रात लिहिलं, काम ठीक चाललंय.