डिकीची किल्ली

आता आमच्या अप्पांकडं होती तशा गाडीला लोक कौतुकानं क्लासिक म्हणतात. नव्वदच्या दशकात आमच्या मळमड्डी भागात ती नुसती ‘वकिलांची जुनी गाडी’ होती. अप्पांनी ती आईला न विचारता घेतली होती आणि गाडीच्या बाबतीत तिला काही विचारायचं असतं, हे पुढंही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आईच्या मनात तो सल होता. अप्पांना त्याचा पत्ताच नव्हता.

एकदा डिकीचं कुलूप बिघडलं. किल्ली नुसतीच गोल फिरायची. मेस्त्रीनं मागची सीट काढून आतून कशीबशी डिकी उघडली आणि कुलूप झिजलंय, बदला म्हणून सांगितलं. दारं, इंजिन, डिकी, सगळ्यांना एकच किल्ली लागायची. नवं कुलूपही तसंच हवं, हा अप्पांचा हट्ट. कोप्पीकर रोडवरची सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घातली, मिळालं नाही. शेवटी बरोबर गेलेल्या आईनं दुसऱ्याच गाडीचं एक दणकट कुलूप पसंत केलं. मेस्त्रीनं भोक थोडं कानसून ते बसवलं, पाणी जाऊ नये म्हणून खाली रबर घातलं. किल्ली मात्र वेगळी झाली. अप्पा वैतागले. “हे लोढणं तूच सांभाळ,” म्हणून त्यांनी ती आईला देऊन टाकली.

आईनं ती कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा कमरेला खोचला. तेव्हापासून बाजारात पिशव्या घेऊन वकीलसाहेब डिकीपाशी ताटकळत उभे आणि आई सावकाश येऊन उघडणार! मला फार मजा वाटायची. ती डिकी पुसायची, आत जुना जमखाना अंथरायची, “माझ्या डिकीत रॉकेलचा डबा नको,” असं बजावायची. आणि तिचं चक्क ऐकलं जायचं.

दोन हजार साल उलटल्यावर अप्पांनी गाडी विकली. नवनगरचे एक गृहस्थ ती न्यायला दारात आले, तेव्हा आम्हाला कळलं.

“डिकीची किल्ली आण गं,” अप्पा म्हणाले.

“मला एका शब्दानं विचारला नाहीत की,” आई म्हणाली.

“गाडी विकायला तुला काय विचारायचं?”

मला अप्पांचा भयंकर राग आला. गृहस्थ बिचारे अवघडले. “इरली बिड्री, अक्का,” ते म्हणाले, “राहू द्या किल्ली. मी कुलूपच बदलून घेतो.”

आईनं कमरेचा जुडगा काढला. कडी घट्ट होती. नखानं ओढून तिनं किल्ली सोडवली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

“बदलू नका,” ती म्हणाली. “चांगलं आहे ते कुलूप.”