उकिरड्यावरचं लेकरू

माझ्या मायचं, सारजाबाईचं, डोकं फिरलंय असंच मला त्या दिवशी वाटलं. माझा धाकटा भाऊ कचरू घाटी दवाखान्याच्या आयसीयूत नळ्या लावून पडलेला. ताप मेंदूत गेलेला. डॉक्टर म्हणाले, आता भेटून घ्या. सिस्टरनं दारात विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" तर ही बया म्हणते, "शेजारीण."

"मग बाहेर थांबा. घरचंच माणूस सोडतो आम्ही."

काय बोलावं आता? मी चिडून तिचा दंड धरला. "अगं, लेकरू मरायला लागलंय तुझं!" तिनं माझं तोंडच दाबलं. "हळू बोल, पोरी. त्याला ऐकू जाईल." त्याला म्हणजे देवाला.

कचरूच्या आधी मायचे दोन लेक पाळण्यातच गेले. म्हणून हा जन्मला तसा पाचोडला आमच्या घरामागच्या उकिरड्यावर ठेवला, नाव कचरू ठेवलं, अन् शेजारच्या भामामावशीनं मूठभर बाजरी देऊन त्याला विकत घेतलं. देवाला वाटावं, हे काय सारजाचं नाय. गावात पुष्कळांनी असं केलं अन् बारशानंतर विसरून गेले. माय विसरली नाय. तिनं त्याला न्हाऊ-माखू घातलं, पण 'माझा' म्हटलं नाय, कधी पोटाशी धरलं नाय. वाळूजच्या कंपनीत लागल्यावर पहिल्या पगारातून त्यानं मायला लुगडं आणलं, ते तिनं भामामावशीला नेसवलं. त्या दिवशी त्यानं मला विचारलं, "आक्का, मायला मी आवडत नाय का गं?" काय सांगणार, कपाळ!

मायनं फोन करून भामामावशीला बोलावून घेतलं. म्हातारी एसटीनं धापा टाकत आली. माय तिच्या पायाशीच बसली. "भामा, तू देवाकडं मागून घे त्याला. तुझा हाय तो. मी मागितलं तर देवाला कळंल."

भामामावशी बघतच राहिली. "येडी का खुळी तू? उकिरड्यातल्या किड्या-मुंगीला जो चारा घालतो, त्याला तुझं लेकरू तिथं दिसलं नसंल व्हय? पयल्या दिसापासनं ठावं हाय त्याला. ठावं असूनच जगवलाय."

मायनं असा हंबरडा फोडला की वॉचमन धावत आला. "मग मी कशाला गं लांब ठेवला त्याला? इतकी वर्षं कशाला?" माझा सगळा राग जिरला, नुसतं रडू येत होतं.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. "कचरूचं कुणी घरचं आहे का? लवकर चला." मी उठले. मायनं मला मागं ओढलं, पदरानं तोंड पुसलं अन् दारात जाऊन उभी राहिली.

सिस्टरनं ओळखलं. "आजी, तुम्ही शेजारीण ना?"

"माय हाय मी त्याची."

सिस्टर बाजूला झाली, तरी माय हलली नाय. वर छताकडं बघून पुन्हा म्हणाली, आता मोठ्यानं, "माझा हाय तो."