काचेमागून पाहिलेलं एकमत

काचेच्या अलीकडे अंधारात आम्ही बसलो होतो. पलीकडे तोआ पायोह या वस्तीतले आठ रहिवासी चहा पीत होते. आम्हाला ते दिसत होते, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. याला म्हणतात फोकस ग्रुप. एकमेकांना न ओळखणारी माणसं जमवायची, बोलती करायची आणि आपण सँडविच खात ऐकायचं. फुकट नाटक! मार्केट रिसर्चमध्ये मी टिकलो तो याच सुखासाठी.

२००७च्या सुमाराची गोष्ट. प्रश्न होता, शेजारी देशांनी मिळून ये-जा आणि राहण्याचे एकच नियम करावेत का?

टॅक्सी चालवणारा लिम रंगात आला होता. “करावेत की! नवराबायको एका घरात तरी राहतील.”

“म्हणजे, अंकल?” चर्चा चालवणाऱ्या जेनीने विचारलं.

उत्तर समोरच्या बाईंनी दिलं. “बायको इंडोनेशियाची ना! राहण्याचा पास संपला की बोटीने तिकडच्या बाटाम बेटावर, नवा शिक्का घेऊन परत. आमचा ब्लॉक म्हणजे तिचं हॉटेल, लाह!”

सगळे खदखदून हसले. माझा घास तोंडातच राहिला. आमचा ब्लॉक? म्हणजे दोघं एकाच इमारतीतले?

माणसं जमवणारी रोझी आंटी माझ्या शेजारीच होती. “आंटी, ही मंडळी कुठली?”

“माझ्याच ब्लॉकची. बघ, एकसुद्धा उशिरा आला नाही!”

तेवढ्यात जेनीने एकच नियम नको असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. सात हात वर गेले. लिमने इकडेतिकडे पाहिलं आणि आठवा वर केला.

“एकमत!” माझ्या दुसऱ्या बाजूला बसलेला बॉस हरखला.

“सर, हा ग्रुप बाद करा. हे एकमेकांचे शेजारी आहेत.”

“बाद? इतकं स्वच्छ उत्तर पुन्हा मिळेल?”

लिम मला लिफ्टपाशी भेटला. “हे सरकारकडे जातं का? बायकोच्या लाँग टर्म पासचा अर्ज केलाय.”

“तुमचं नाव कुठेही जात नाही, अंकल. पण तुम्ही हात का वर केलात?”

“त्याच ब्लॉकमध्ये राहायचंय मला. तिलाही, राहू दिलं तर.”

रिपोर्टच्या पहिल्याच पानावर एकमत झळकलं. ग्रुप सदोष असल्याची माझी टीप तळाशी बारीक अक्षरांत होती. ती कोणी वाचली नाही.

काही महिन्यांनी रोझी आंटीकडून कळलं, अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर बायको बोटीने गेली, ती पुन्हा आत येऊ शकली नाही. आमच्या रिपोर्टचा त्याच्याशी संबंध नव्हता. ब्लॉकमध्ये मात्र आता सगळे हळहळत होते म्हणे.

आमच्या धंद्यातलं शहाणपण एवढंच: शेजारी देशांबद्दल माणसाचं खरं मत हवं असेल, तर आधी त्याच्या शेजाऱ्यांना घरी पाठवावं.